नीलगिरीचा आद्य बागवान : जॉन सलिव्हन

चेन्नईत नव्याने बिऱ्हाड थाटणाऱ्या मराठी गृहिणीला पहिल्या आठवड्यातच एक गमतीची गोष्ट कळून येते. येथील भाजीवाला भाज्यांची दोन कुळे मानतो. वांगी, भेंडी, पडवळ, शेवग्याच्या शेंगा, सुरण, केळफूल ही झाली ‘नाट्टु काय’, म्हणजे देशी भाजी. आणि गाजर, बीट, फरसबी, कोबी, फ्लॉवर, नवलकोल ही ‘इंग्लिश काय’. बटाटा तर ऊटीचा आहे एवढे सांगितले की त्याचा भाव चढलाच म्हणून समजावे. पूर्वी कोत्तवाल चावडीत आणि १९९६ पासून कोयंबेडूच्या विस्तीर्ण बाजारात ही दोन कुळे शेजारी शेजारी नांदत आली आहेत. इंग्रज जाऊन पाऊण शतक लोटले, तरी गाजराचे इंग्रजपण काही सुटले नाही.

या ‘इंग्लिश’ भाजीचा माग काढीत गेले की आपण निळ्या डोंगरांच्या माथ्यावर, दोनशे वर्षांपूर्वीच्या एका दगडी बंगल्याच्या परसात जाऊन पोहोचतो. त्या परसाचा धनी जॉन सलिव्हन. ऊटी शहराचा संस्थापक म्हणून त्यांचे नाव तामिळनाडूत सर्वश्रुत आहे. पण याच पुरुषाने पुढे आपल्या साताऱ्याच्या गादीसाठी लंडनमध्ये आवाज उठविला होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने, ज्या भूमीने आपल्याला आसरा दिला तिच्या इतिहासातील या पुरुषाचे स्मरण करणे उचित ठरेल.

सलिव्हन यांचा जन्म १७८८ साली लंडनमध्ये झाला. वयाची सोळा वर्षे पुरी होतात न होतात तोच, १८०४ च्या सुमारास, ईस्ट इंडिया कंपनीचे ‘रायटर’, म्हणजे कारकुनी दर्जाचे उमेदवार, म्हणून ते मद्रासला आले. त्या काळी मद्रासला धक्का नव्हता. जहाज दूर समुद्रात नांगरायचे आणि प्रवाशांनी मसुला होड्यांतून, लाटांचे तडाखे खात, किनारा गाठायचा. अशा रीतीने फोर्ट सेंट जॉर्जच्या समोर उतरलेला हा पोरसवदा इंग्रज निरनिराळ्या जिल्ह्यांत उमेदवारी करीत करीत १८१५ च्या सुमारास कोइमतूरचा कलेक्टर झाला. पंधराएक वर्षे तो जिल्हा त्यांच्या हाती होता.

कोइमतूरच्या मैदानातून वायव्येकडे पाहिले की नीलगिरीची निळी भिंत दिसते. ती भिंत रोज डोळ्यांसमोर असूनही माथ्यावर काय आहे हे खालच्या सरकारला नीट माहीत नव्हते. पायथ्याच्या दाट जंगलात हिवतापाचे ठाणे, त्यावर उभा कडा. त्यामुळे सहसा कोणी वर जात नसे. वर मात्र एक स्वयंपूर्ण जग नांदत होते. गवताळ कुरणांवर म्हशी राखणारे तोडा, नाचणी-साव्याची शेती करणारे बडग, लोहारकी व कुंभारकाम करणारे कोटा आणि रानात राहणारे कुरुंब व इरुळ असे हे समाज एकमेकांशी देवघेव करीत पिढ्यान्‌पिढ्या राहत आले होते. १८१८ साली सलिव्हन यांचे दोन तरुण साहाय्यक, व्हिश आणि किंडर्स्ली, वर जाऊन आले. उन्हाळ्यातही तेथे पांघरूण घ्यावे लागते, ही त्यांनी आणलेली बातमी मैदानातील उकाड्याने त्रासलेल्या इंग्रजांना परीकथेसारखी वाटली असल्यास नवल नाही. १८१९ च्या जानेवारीत सलिव्हन स्वतः चढून गेले, आणि त्या चढणीने त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण लागले.

कोटगिरीजवळच्या दिंबहट्टी भागात त्यांनी आपला पहिला बंगला बांधला. त्याच वर्षी लेशनो द ला तूर हा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आजारी अवस्थेत या डोंगरावर आला आणि वरच्या हवेने बरा झाला. सलिव्हन यांना आणखी काय हवे होते? ही हवा औषधी आहे, येथे वस्ती झाली पाहिजे, असा धोशा त्यांनी सरकारकडे लावला. १८२१ ते १८२३ या काळात लेफ्टनंट मॅक्फर्सन यांच्या देखरेखीखाली सिरुमुगैकडून वर जाणारी वाट बांधून निघाली. १८२० साली सलिव्हन यांचा विवाह हेन्रिएटा यांच्याशी झाला होता. पतीबरोबर त्या अपरिचित डोंगरावर संसार मांडणारी ती पहिली युरोपीय स्त्री होय.

कोटगिरीच्या पश्चिमेस, आणखी उंचावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ७३०० फुटांवर तोडांच्या वस्तीजवळ एक रुंद, हिरवे खोरे होते. सलिव्हन यांना ते भावले आणि १८२२-२३ मध्ये त्यांनी तेथे ‘स्टोन हाऊस’ हे दगडी घर उभारले. डोंगरच्या लोकांनी त्याला सरळ ‘कल बंगला’ म्हटले. ‘कल’ म्हणजे दगड. हेच आजच्या ऊटीचे मूळ घर. त्यानंतर दोन-तीन वर्षांत त्यांनी खोऱ्यातील ओढे अडवून तलाव केला. आज ज्या तलावात आपली मुले नावेत बसायचा हट्ट धरतात तो हाच. तो करताना मात्र नौकाविहार हा त्यांचा मुख्य हेतू नव्हता. हे पाणी खालच्या शेतीच्याही उपयोगी पडावे अशी त्यांची कल्पना होती. १८२६ साली गव्हर्नर सर टॉमस मन्रो यांनी ऊटीला भेट दिली. आयलंड मैदानाजवळचा, रिकिबीवाचून घोड्यावर बसलेला पुतळा ज्यांचा, तेच हे मन्रो. बदामी, बेळगाव, सोलापूर ही ठाणी १८१८ मध्ये पेशव्यांकडून घेणारे सेनानीही तेच.

आता त्या परसाकडे वळू. सलिव्हन यांची बागायतीची हौस हा केवळ साहेबी छंद नव्हता. वस्ती वाढवायची तर माणसांना खायला हवे आणि डोंगर आपल्या पायांवर उभा राहायला हवा, हे त्या कलेक्टराने ओळखले होते. शेतीच्या प्रयोगांसाठी त्यांनी सरकारकडून जमीन मागून घेतली. बटाटा, कोबी, सलगम, मुळा, गहू, बार्ली, स्ट्रॉबेरी, सफरचंद, पीच अशी बियाणी आणि रोपे वर आणून लाविली. त्या काळी हे किती जिकिरीचे होते याची आज कल्पना करणे कठीण. विलायतेहून निघालेले बी आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिने समुद्रावर असायचे. खाऱ्या दमट हवेत निम्मे बी कुजायचे, उरलेले मद्रासच्या उन्हात भाजायचे आणि त्यातून वाचलेले हमालाच्या डोक्यावरून घाट चढायचे. अशा प्रवासानंतर एखादे रोप तग धरते तेव्हा लावणाऱ्याच्या मनाला काय वाटत असेल ते, परमुलखात बाल्कनीतील कुंडीत कढीलिंब रुजविणाऱ्या आपल्यासारख्यांना निराळे सांगायला नको.

यातील काही पिके अशी रुजली की जणू ती डोंगराचीच होती. बटाटा त्यांत अग्रेसर. बडग शेतकऱ्यांनी तो आपलासा केला आणि नाचणीच्या जोडीला रोख पैसा देणारे पीक त्यांच्या हाती आले. कोबी-गाजरांचेही तेच झाले. दुसऱ्या काही झाडांनी मात्र मान टाकली, आणि त्यांच्या अपयशातच शिकण्यासारखे पुष्कळ आहे. ज्या द्राक्षवेलीला युरोपीय माणूस थंड हवेचे वैभव मानतो ती ऊटीला कधीच भरभरून फळली नाही. आपल्यापैकी नाशिक-सांगलीकडच्या मंडळींना याचे कारण चटकन उमगेल.

थंडी दोन प्रकारची असते. एक उत्तरेची आणि दुसरी उंचीची. उत्तरेकडील देशांत हिवाळ्यात वेल पाने गाळून गाढ झोपी जातो आणि वसंतात जागा होतो. तेथला उन्हाळा थंड आणि आखूड खरा, पण दिवस सोळा-सोळा तासांचा. त्या लांब उजेडात पाने साखर तयार करतात आणि घड पिकतो. म्युलर-थुर्गाऊ, बाकुस, मादलेन आंजव्हिन ही वाइनच्या द्राक्षांची नावे आपल्याकडे कुणी ऐकलेली नसतात. पण अशा प्रदेशात लवकर पिकणारी म्हणूनच ती विसाव्या शतकात इंग्लंडच्या मळ्यांत गेली आणि तेथे रुजली. ऊटीची थंडी निराळी. विषुववृत्तापासून ती जेमतेम साडेअकरा अंशांवर. वर्षातला सर्वांत मोठा दिवसही पावणेतेरा तासांचा. हिवाळ्यात पहाटे गवतावर हिम पडते आणि दुपारी ऊन लख्ख असते. त्यामुळे वेलीला ना पुरती झोप, ना पुरती जाग. त्यावर नैर्ऋत्य आणि ईशान्य असे दोन पावसाळे. ढगाळ, ओल्या हवेत केवडा आणि भुरी हे रोग वेलीचा पिच्छा सोडीत नाहीत.

याउलट आपल्या नाशिकची द्राक्षे डोंगरमाथ्यावर नव्हे, कोरड्या पठारावर पिकतात. निसर्ग वेलीला झोप देत नाही म्हणून शेतकरी कात्रीने ती घडवून आणतो. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी असे तेथले वर्ष. तामिळनाडूतही द्राक्षे झाली ती ऊटीला नव्हे, तर तेनीकडच्या कंबम खोऱ्यात, घाटाच्या पायथ्याशी. तेथल्या पन्नीर द्राक्षाला २०२३ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. हेच ‘मस्कत हॅम्बर्ग’ वाण महाराष्ट्रात ‘गुलाबी’ या लाडक्या नावाने ओळखले जाते. म्हणजे ज्या वेलीसाठी साहेब थंड डोंगर शोधी, ती खालच्या उन्हात सुखाने मांडवावर चढली! सफरचंदाचाही अनुभव असाच. ज्या जातींना थोडी थंडी पुरे होते त्या टिकल्या. काश्मिरी थाटाच्या जाती रुसल्या. केवळ हवा गार आहे म्हणून परके झाड रुजत नाही; मातीची, पावसाची आणि उजेडाची संमती लागते, हा धडा या बागांनी शिकविला.

मातीची संमती लागते तशीच मातीच्या धन्याचीही लागते, हा दुसरा धडा. हा मात्र सलिव्हन यांना अधिक अवघड गेला. एकरी एक रुपया अशा नाममात्र दराने त्यांनी तोडांकडून जमीन घेतली, असे सांगितले जाते. आजच्या दृष्टीने हा व्यवहार न्याय्य म्हणता येणार नाही. ज्याला जमीन विकणे म्हणजे काय हेच ठाऊक नाही, त्याच्या सहीला काय अर्थ? तथापि त्यांचे वेगळेपण असे की, पुढे वस्ती वाढू लागली, लष्करी आरोग्यधाम आले आणि सरकारला सारा डोंगर आपलाच वाटू लागला, तेव्हा याच गृहस्थाने तोडांची बाजू घेतली. ही कुरणे तोडांच्या वहिवाटीची आहेत. सरकारने ती घ्यायची तर मोबदला द्यावा, असे त्यांनी आग्रहाने मांडले. मन्रोंनंतर गव्हर्नर म्हणून आलेल्या लशिंग्टन यांच्याशी त्यांचे या व अशा प्रश्नांवर बिनसले. आपणच वसविलेल्या गावात त्यांचा शब्द मागे पडला आणि १८३० च्या सुमारास ते विलायतेला गेले.

काही वर्षांनी ते परत आले आणि मद्रासच्या महसूल मंडळाचे अध्यक्षपद, पुढे गव्हर्नरच्या कौन्सिलाचे सभासदत्व, अशा मोठ्या जागा त्यांनी भूषविल्या. पण नियतीने त्याच सुमारास जबर घाव घातला. पत्नी हेन्रिएटा आणि तरुण मुलगी हॅरिएट या दोघींना मृत्यूने ओढून नेले. ऊटीच्या सेंट स्टीफन चर्चच्या आवारात त्या मायलेकी विसावल्या आहेत. त्या चर्चच्या बांधणीस श्रीरंगपट्टणच्या टिपूच्या महालाचे लाकूड लागले आहे. ज्या हवेची संजीवनी म्हणून सलिव्हन यांनी जन्मभर वाखाणणी केली, तिच्याच कुशीत आपली माणसे ठेवून हा पुरुष १८४१ साली भारतातून कायमचा निघाला.

येथून त्यांच्या चरित्राचे सूत्र आपल्या सातारशी येऊन जुळते. छत्रपती प्रतापसिंह महाराजांना कंपनी सरकारने कटाचा आरोप ठेवून सप्टेंबर १८३९ मध्ये पदच्युत केले आणि काशीला पाठविले. त्यांची कैफियत मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत, तेराएक वर्षे, परक्या थंडीत, पैशाच्या विवंचनेत, एकनिष्ठेने झगडत राहिले. त्या दीर्घ झगड्यात कंपनीच्या भागधारकांच्या सभांतून महाराजांचा पक्ष घेणारे जे मूठभर इंग्रज होते, त्यांत निवृत्त होऊन आलेले जॉन सलिव्हन होते. कंपनीची नोकरी करून, तिचेच वेतन खाऊन, तिच्याच सभेत तिच्या अन्यायाविरुद्ध उभे राहणे हे सोपे नव्हते.

प्रतापसिंहांविषयी त्यांना आपुलकी वाटावी असे एक साम्यही होते. १८२८-२९ मध्ये जॉन माल्कम यांनी महाबळेश्वर वसविले ते प्रतापसिंहांकडून ती जागा तहाने घेऊन. साताऱ्याहून वर जाणारा रस्ता महाराजांनीच बांधविला. पुढे महाबळेश्वरीही चिनी कैद्यांच्या हातून बटाटा आणि विलायती भाज्या पिकू लागल्या. ज्या राजाने थंड हवेचे आपले शिखर इंग्रजांना दिले, त्यालाच दहा वर्षांत आपल्या राज्यातून निघावे लागले! १८४७ साली काशीस त्यांचा अंत झाला. १८४८ मध्ये भाऊ शहाजीही वारले आणि दत्तक नामंजूर करून डलहौसीने सातारा खालसा केला.

सलिव्हन यांनी तरीही लेखणी खाली ठेवली नाही. १८५३ मध्ये हिंदी संस्थानिकांशी केलेले तह पाळण्यास आपण बांधलेलो आहोत की नाही, हा प्रश्न विचारणारी पुस्तिका त्यांनी प्रसिद्ध केली. त्यांचा युक्तिवाद भावनेचा नव्हता, महसूल अधिकाऱ्याचा होता. एक दरबार नाहीसा झाला की त्याबरोबर त्या गावचा व्यापार, कारागिरी आणि मानाच्या जागा नाहीशा होतात, आणि जी संपत्ती गावात फिरत होती ती समुद्रापार निघून जाते, असे ते दाखवून देत. देशाच्या कारभारात देशी माणसांना मोठा वाटा मिळाला पाहिजे, हेही त्यांचे ठाम मत होते. तोडांचे कुरण काय किंवा छत्रपतींची गादी काय, त्यांच्या दृष्टीने प्रश्न एकच होता : जो जेथे पिढ्यान्‌पिढ्या आहे त्याचा हक्क, बळ आहे म्हणून, पुसून टाकता येतो काय? १८५५ च्या जानेवारीत त्यांचा इंग्लंडमध्ये मृत्यू झाला. दोन वर्षांनी उठावाचा वणवा पेटला. सातारच्या कटात मुलगा गमावून रंगो बापूजी स्वतः बेपत्ता झाले. सलिव्हन यांचे म्हणणे वेळेवर ऐकले असते तर काय झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

त्यांच्या मागे बागांचा संसार वाढत गेला. ऊटीच्या युरोपीय रहिवाशांना वाजवी दरात भाजी मिळावी म्हणून वर्गणीतून निघालेली बाग १८४८ मध्ये क्यू उद्यानात शिकलेल्या विल्यम मॅकआयव्हर यांच्या हाती आली आणि तिचेच आजचे सरकारी वनस्पती उद्यान झाले. कुन्नूर, बर्लियार, कल्लार येथे फळबागा उभ्या राहिल्या. सिंकोना आला, चहा आला. त्याबरोबर निलगिरी, म्हणजे युकॅलिप्टस, आणि वॅटल ही परकी झाडेही आली आणि त्यांनी तोडांची कुरणे व मूळची शोला वने गिळली. बटाट्याचा हव्यास इतका वाढला की १९६१ मध्ये मुळांना लागणारी सोनेरी सूत्रकृमी आढळली आणि शेतकऱ्यांना फेरपालटाचे महत्त्व पटवून द्यावे लागले. बागवानाने लावलेले सगळेच गोड निघते असे नाही. त्याचा हिशेब पुढील पिढ्यांना चुकवावा लागतो.

सलिव्हन यांची स्लाव गावाजवळच्या चर्चमधील कबर कितीतरी वर्षे विस्मृतीत होती. एकविसाव्या शतकात नीलगिरीतील इतिहासप्रेमींनी ती शोधून काढली. ज्या दक्षिण इंग्लंडच्या मातीत ते विसावले तेथे आज द्राक्षमळे फुलत आहेत, हा योगायोगही मोठा मजेचा. कोटगिरीजवळ कन्नेरिमुक्कु येथील त्यांचा जुना बंगला आता स्मारक म्हणून जपला आहे आणि ऊटीच्या द्विशताब्दीनिमित्त मे २०२२ मध्ये तामिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्यांच्या अर्धपुतळ्याचे अनावरण झाले. परक्या राज्यकर्त्याची आठवण जेथे लोक स्वतंत्र झाल्यावरही आपणहून जपतात, तेथे त्याच्या हातून काही तरी खरे घडले असले पाहिजे.

येत्या मे महिन्यात आपल्यापैकी अनेक कुटुंबे सेंट्रलहून रात्रीची नीलगिरी एक्स्प्रेस धरतील आणि सकाळी मेट्टुपाळैयमला दाते असलेल्या रुळांवरच्या छोट्या गाडीत बसतील. ऊटीला पोहोचल्यावर वनस्पती उद्यान आणि तलाव पाहून झाला की थोडी वाट वाकडी करून सेंट स्टीफन चर्चच्या आवारात जावे. तेथे मायलेकींच्या कबरीपाशी क्षणभर थांबावे. सातारच्या महाराजांसाठी ज्याने शब्द खर्च केला त्याच्या घरची ही माणसे आहेत, एवढे मुलांना सांगावे. आणि परतताना घाटातील एखाद्या बडग शेतकऱ्याकडून ताजी गाजरे घ्यावीत. त्यांना ‘इंग्लिश’ म्हणायचे की ‘नाट्टु’, याचा निर्णय आता त्या शेतकऱ्यावर सोपवावा; दोनशे वर्षे ज्याने ती पोसली, तो हक्क त्याचा आहे.